पट्टीवर नसलेली ओळ

फळाचा सौदा झाल्यावर बागायतदाराच्या हातात जो हिशेबाचा कागद पडतो, त्याला आपल्या भागात पट्टी म्हणतात. मालाच्या वाटेवर ज्याचा ज्याचा हात लागला, त्याचे देणे या पट्टीवर मांडलेले असते. गाडीभाडे असते, हमाली असते, तोलाई असते. पेढीवर बसून बोली पुकारणाऱ्याची अडत असते. ती कुठे शेतकऱ्याच्या अंगावर पडते, कुठे खरेदीदाराच्या, पण ती कुणी विसरत नाही. एकच ओळ या कागदावर कधी आली नाही. ज्या बाईने वर्षभर वेलीखाली उभे राहून, मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून हा माल घडवला, तिचे नाव पट्टीवर नाही. "तिची मजुरी त्या त्या दिवशी चुकती झाली," एवढे म्हणून आपण तो विषय मिटवतो.

माझ्या मते तो मिटलेला नाही. फळांच्या व्यापारात जे उरते, त्यात शेतमजुरांच्या वस्तीचा वाटा असला पाहिजे. तो दिवाळीच्या पोस्तासारखा मालकाच्या मर्जीवर राहता कामा नये; हमाली-तोलाईसारखी पट्टीवर त्याची ओळ हवी. आणि ती रक्कम खरेदीदाराने भरली पाहिजे, बागायतदाराने नव्हे. या तीन वाक्यांत माझे सारे म्हणणे आले. पुढचे लिहिणे आहे ते त्यावर हटकून घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांसाठी.

आधी आपला मुलूख पाहू. अथणी, तिकोटा, विजापूर, जत, कवठेमहांकाळ, मिरज, तासगाव हा सगळा द्राक्षाचा आणि बेदाण्याचा एकच पट्टा आहे. मधून राज्याची हद्द जाते, पण बेदाण्याच्या खोक्याला तिची खबर नसते. अथणीकडचा माल तासगाव-सांगलीच्या सौद्यात उभा राहतो आणि तिथून देशभर जातो. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने हे यश फुकट मिळवलेले नाही. तासगावात निवडलेले 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी पुढे आणलेले 'सोनाका' हे वाण कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. इथल्याच बागांत, इथल्याच डोळ्यांनी ते हेरले. त्या बुद्धीला आणि जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण घड तयार होतो तो हातांनी, आणि त्या हातांविषयी आपण बोलत नाही.

ज्यांनी बाग जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एप्रिलमध्ये खरडछाटणी होते. मग फुटी विरळणे, शेंडे खुडणे, काड्या तारेला बांधणे ही कामे पावसाळ्यापर्यंत चालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अनेक बागांत तीच धांदल असेल. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची. ती अंगावर पडली तर कातडी भाजते. मग घड निघतात, त्यांची विरळणी करायची, आणि मग एकेक घड संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढायचा. जानेवारीपासून तोडणी. बेदाणा करायचा असेल तर पुढे शेडवरचे काम: द्राक्ष द्रावणात बुडवणे, जाळीवर पसरणे, गंधकाची धुरी देणे, वाळल्यावर देठ काढून निवडणे. यातले नाजूक आणि चिकाटीचे काम बहुतेक बायाच करतात. पहाटे भाकरी बांधून टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून त्या येतात आणि दिवेलागणीला परत जातात. घडाचा आकार, मण्यांची फुगवण, बेदाण्याचा रंग या ज्या गोष्टींवर भाव ठरतो, त्या सगळ्या त्यांच्या बोटांतून गेलेल्या असतात.

बागायतदार म्हणेल, "रोजगार देतोच की. आणि आता तर मजूरच मिळत नाही. टोळीवाला सांगेल तो दर." हे खरे आहे. मजुरी पूर्वीपेक्षा वाढली हेही मान्य. पण मजुरी ही दिवसाची किंमत आहे. सूर्य मावळला की तिचा हिशेब संपतो. भाव तेजीत गेला तरी मजुरीचा आकडा तोच राहतो. आणि बाजार पडला की पुढच्या वर्षी काम मात्र कमी होते. म्हणजे तोट्याच्या वर्षी मजूर भागीदार आणि फायद्याच्या वर्षी परका! गुडघे गेले, पाठ वाकली, धुरीने खोकला लागला की तिचे बागेशी असलेले नाते तुटते. वीस वर्षे जिने घड घडवले तिच्या म्हातारपणाची एक पैही त्या व्यापारात जमा झालेली नसते.

वाट्याची कल्पना काही आपल्याला नवी नाही. खळ्यावर रास पडली की तिच्यातून अनेकांचे वाटे निघत. अजूनही ज्वारी काढायला गेलेली बाई पेंढी घेऊन येते, आणि भुईमुगाच्या शेंगा तोडायच्या तर वाट्याने. मराठीत वाटा म्हणा, कन्नडात पालु म्हणा, शब्द दोन्ही घरांत रोजचा आहे. मात्र बलुत्याचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या वाट्याला जात चिकटलेली होती, आणि वाटा घेणाऱ्याला हात पसरावा लागत होता. ती अवहेलना गेली ते उत्तमच. परंतु पीक पोटाचे होते तोवर राशीत मजुराला जागा होती, आणि पीक पैशाचे झाले तशी ती जागा गुपचूप नाहीशी झाली, हे आपण ध्यानात घेतले नाही. अवहेलना टाकताना आपण वाटाही टाकून दिला. आता वाटा परत आणायचा तो हक्काच्या स्वरूपात.

"असे कुठे असते काय?" हा पुढचा प्रश्न. असते, आणि आपल्या उंबऱ्यावरच असते. त्याच पट्टीवरच्या हमालीचे उदाहरण घ्या. एके काळी बाजारातला हमालही असाच बिननावाचा होता. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना आणि पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमालांना संघटित केले. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीखेरीज तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी चालवायचे, अशी ती रचना. व्यापाऱ्यांनी त्या वेळीही बाजार बुडेल असे भाकीत केले होते. बाजार बुडाला का? गाडीतून खोके उतरवणाऱ्या हमालाला जे मिळू शकते, ते खोक्यातला माल पिकवणाऱ्या मजुराला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या निपाणीच्या माणसांना सांगायला नको. १९७६ मध्ये विडी कामगारांसाठी उपकराचा केंद्रीय कायदा झाला. तयार विडीवर हजारी ठरावीक उपकर घ्यायचा आणि त्यातून विडी वळणाऱ्या बायांच्या मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी साहाय्य, दवाखाना द्यायचा. निपाणीपासून सोलापूरपर्यंत किती घरांतली पोरे त्या शिष्यवृत्तीच्या पैशांवर पुस्तके घेऊन शाळेत गेली! २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर मोडीत निघाला. फार कुणी हळहळले नाही. इमारत बांधकामावर एक टक्का उपकर घेण्याचा कायदा १९९६ चा. ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवली आहे. म्हणजे विडीच्या धुरातून वाटा निघू शकला, सिमेंट-विटांतून निघू शकतो, आणि द्राक्षाच्या रसातून तेवढा निघत नाही!

फळबागांच्या बाबतीत तर आणखी एक जुने देणे आहे. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली ती दुष्काळातल्या मजुराच्या नावाने. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. ज्यांनी ही योजना आखली आणि तिच्यासाठी आयुष्य वेचले, ते वि. स. पागे याच तासगाव तालुक्यातले. १९९० मध्ये या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, आणि आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या बागा सरकारी अनुदानावर उभ्या राहिल्या. खड्डे खणणाऱ्याला खड्ड्याची मजुरी मिळाली. झाड मात्र ज्याची जमीन त्याचे झाले. त्याबद्दल मला तक्रार नाही. माळरान हिरवे झाले हे भलेच झाले. पण मजुराच्या नावाने गोळा केलेल्या पैशातून जी झाडे वाढली, त्यांच्या फळात मजुराचा वाटा विचारणे यात अगोचरपणा तो कसला?

आता परदेशाकडे पाहू, कारण आपल्या निर्यातदारांना तिकडची उदाहरणे लवकर पटतात. कॅलिफोर्नियातील डेलानो या गावी १९६५ मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांनी संप पुकारला. आधी फिलिपिनो मजूर उतरले, मग सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखालचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. पाच वर्षे लढा चालला. शहरातल्या गृहिणींनी द्राक्षे विकत घेणे थांबवले, तेव्हा कुठे १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. त्यात मजुरांच्या आरोग्यनिधीत मळेवाल्यांनी पैसे भरण्याचे कलम होते. पण तीन वर्षांनी मुदत संपली तेव्हा बहुतेक मळेवाल्यांनी त्या संघटनेशी करार पुन्हा केलेच नाहीत. नुसत्या करारावर विसंबून चालत नाही, पाठीशी कायदा लागतो, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट केळ्यांची. १९९६ मध्ये घानामधल्या एका मळ्याची केळी 'फेअरट्रेड' या नावाने हॉलंडच्या बाजारात आली. तिथपासून चालत आलेल्या या पद्धतीत केळ्यांच्या १८.१४ किलोंच्या खोक्यामागे खरेदीदार एक डॉलर जादा भरतो. मोठ्या मळ्यांत तो पैसा मालकाच्या खात्यात जात नाही. मजुरांनी निवडलेली समिती त्याचा विनियोग ठरवते. हे सारे ऐच्छिक आहे, जगातल्या फळव्यापाराच्या लहानशा भागापुरते आहे, आणि तिकडच्या ग्राहकाच्या सदिच्छेवर उभे आहे, हे मी लपवत नाही. पण खोक्यामागे ठरावीक रक्कम, ती भरायची खरेदीदाराने आणि खर्च ठरवायचा मजुरांनी, ही त्रिसूत्री व्यवहारात चालते एवढे त्यातून सिद्ध होते.

आणि खरेदीदाराने अट घातली की सारा व्यापार कसा सरळ होतो, ते आपण पाहिले आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली. दहा लाखांत काही भाग, एवढ्या सूक्ष्म अंशासाठी कंटेनर अडकले, बागायतदार हवालदिल झाले. त्यानंतर फवारणीच्या नोंदी, तपासण्या, प्रमाणपत्रे सगळे काटेकोर झाले. घडावर किती विष उरले, हे मोजायला आपण शिकलो. ते विष फवारणाऱ्याच्या छातीत किती उरले, हे मात्र कुठल्या प्रयोगशाळेने मोजायचे?

सर्वांत वजनदार आक्षेप बागायतदाराचा आहे, आणि तो मी हात जोडून ऐकतो. "आम्हीच बुडतो आहोत. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो, दावण्या येतो, गारपीट होते. व्यापारी शिवारात सौदा करून माल उचलतो आणि पैसे न देता परागंदा होतो. सोसायटीचे कर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी. नफाच नाही, तर वाटा कसला मागता?" यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणूनच ही रक्कम बागायतदाराच्या पदरातून काढायची नाही. ती खरेदीदाराने, बोलीच्या भावाखेरीज, वेगळी भरायची. हे होऊ शकते का? २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी काही दिवस बाजार बंद ठेवले; पुढे बाजार सुरू झाले आणि लोक फळे खातच राहिले. म्हणजे पट्टीवरचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर हलवता येते. मनात मात्र असावे लागते.

बागायतदारांना मी आणखी एक आठवण देईन. उत्पादनखर्चावर आधारित भाव ही शेतकरी आंदोलनाची मागणी. १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, त्यात रक्त सांडले. त्या उत्पादनखर्चात मजुराचे श्रम धरलेले आहेत. स्वतःच्या घामाचा भाव मागताना जो न्याय सांगितला, तोच बांधाच्या पलीकडच्या घामाला लावला पाहिजे. आणि लहान बागायतदाराच्या घरची बाई आपल्या बागेतले काम उरकले की दुसऱ्याच्या बागेत रोजगाराला जाते, हेही आपण जाणतो. हा निधी तिचाही असेल.

आता आकड्यांकडे येऊ. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ताज्या द्राक्षावर किलोला एक रुपया आणि बेदाण्यावर चार रुपये, एवढीच लेव्ही धरा. एखाद्या गावात तीनशे एकर बागा आहेत आणि एकरी दहा टन माल निघतो असे समजा. तीस लाख किलो द्राक्षे, म्हणजे वर्षाला तीस लाख रुपये. गावात पाचशे मजूर असतील तर माणशी सहा हजार. त्यातून शेडजवळ पाळणाघर निघेल, टेम्पोच्या अपघाताचा विमा उतरेल, म्हातारपणासाठी दरसाल काही शिल्लक पडेल. आणि गिऱ्हाइकावर भार किती? दिवाळीच्या लाडवांना आपण पन्नास ग्रॅम बेदाणा घेतला तर वीस पैसे! बेदाण्याच्या सौद्यात बोलीच्या भरात मूठमूठ माल उधळण्याच्या प्रथेविरुद्ध बागायतदारांनी पुष्कळदा तक्रारी केल्या आहेत. उधळायला ज्या व्यापाराकडे माल आहे, त्याला हे वीस पैसे जड व्हावेत काय?

वसुली कशी करायची? सुरुवात बेदाण्यापासून करावी. ताजे द्राक्ष शिवारातून कुठेही जाते, त्याचा माग काढणे कठीण. पण बेदाणा शीतगृहात जातो आणि तिथून सौद्याला येतो. या दोन दरवाजांतून जाताना त्याची नोंद होतेच. त्या नोंदीवरच लेव्ही बसवावी. निर्यातीच्या द्राक्षाची नोंद पॅकहाउसात असते. ते दुसऱ्या टप्प्यात घ्यावे.

"पण निधी जमला की तो खाणारे जमतात," असे अनुभवी माणूस म्हणेल. बांधकाम कामगारांचा उपकर राज्याराज्यांत पडून राहिला, म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना खडसावले, हे मलाही ठाऊक आहे. यासाठीच हा पैसा राजधानीतल्या मंडळाकडे नेऊ नये. गावोगाव मजुरांनी निवडलेली समिती असावी, तिच्यात निम्म्याहून अधिक बाया असाव्यात, आणि जमाखर्च चावडीच्या फळ्यावर लिहिला जावा. समितीत मुकादमाला जागा नको, आणि बागायतदाराला मत नको. सल्ला त्याने खुशाल द्यावा.

राहिला प्रश्न आपल्या खास दुखण्याचा, म्हणजे हद्दीचा. माथाडीचा कायदा महाराष्ट्राचा. तो अथणीत चालत नाही. जतची बाई तिकोट्याकडच्या बागेत जाते, तिकडची टोळी कवठेमहांकाळच्या शेडवर येते. देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत तर नेपाळची कुटुंबे राखण करतात. अशांची 'वस्ती' कोणती धरायची? माझे उत्तर असे की निधी मजुराच्या मागे गेला पाहिजे. ज्या गावात जितके दिवस भरले, तितक्याची नोंद तिच्या कार्डावर व्हावी आणि तेवढा वाटा तिच्या गावच्या समितीकडे जावा, मग ते गाव कुठल्याही राज्यात असो. दोन्ही राज्यांनी बसून हे ठरवायला कुठल्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. आम्ही सीमाभागातील मंडळी भाषेच्या हक्कासाठी १९५६ पासून भांडत आलो आहोत. ज्याच्यावर राज्याने अन्याय केला त्याला अन्यायाची चव माहीत असते. मग मराठी बागायतदाराच्या बागेत कन्नड बाई आणि कन्नड बागायतदाराच्या बागेत मराठी बाई एकाच मजुरीवर राबते, तेव्हा तिच्यासाठी आपली तोंडे बंद का? या प्रश्नावर दोन्ही भाषांतल्या माणसांना एका बाजूला उभे राहता येईल. असे प्रश्न आपल्या वाट्याला फार थोडे येतात.

या अंकाच्या वाचकांत बागायतदार आहेत, पेढीवाले आहेत, शीतगृहांचे भागधारक आहेत, शिक्षक आणि वकील आहेत. सगळ्यांना करता येईल असे काही ना काही आहे. पेढीवाल्यांनी कायद्याची वाट न पाहता येत्या हंगामापासून स्वखुशीने ही ओळ छापून पाहावी. बागायतदारांच्या संघांनी आपल्या अधिवेशनात भावाच्या ठरावाखाली हा ठराव मांडावा. वकिलांनी मसुदा तयार करावा, तो दोन्ही भाषांत. आमदार मते मागायला येतील तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंच्या गावांतून हाच प्रश्न विचारावा. आणि यातले काहीच न करता ज्यांना नुसते वाईट वाटून घ्यायचे असेल, त्यांनी निदान मजुरांच्या पुढाऱ्यांना आगलावे म्हणू नये. हमालाचे नाव पट्टीवर यायला १९६९ उजाडावे लागले, आणि तेही कुणी दयाळूपणे लिहिले नाही. हमालांनी ते लिहायला लावले. वेलीखालच्या बायाही एक दिवस लावतील. त्या दिवशी आपण त्यांच्या बाजूला उभे असू की पेढीच्या गादीवर बसून असू, एवढेच काय ते आपल्याला आज ठरवायचे आहे.